नईमच्या खोलीतले पंतप्रधान

बहारीनला मी सहा वर्षं काढली आणि त्यातली साडेचार वर्षं कॅनडाच्या एका पंतप्रधानांच्या पायाशी झोपलो. हे मी घरी सांगितलं की मुलं हसतात, बायको चहा ठेवायला उठते. पण ते अक्षरशः खरं आहे. नईम नावाच्या वस्तीतल्या आमच्या खोलीत माझी गादी भिंतीला लागून होती आणि त्या भिंतीवर तीन फोटो होते. एक बुद्धाचा. एक निळ्या सुटातला, चष्मेवाला, जो जयभीमवाल्यांच्या प्रत्येक घरात असतोच. आणि तिसरा एका गोऱ्यागोमट्या, हसऱ्या, बो-टाय लावलेल्या माणसाचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा कंपनीचा मालक असणार. मालकाचा फोटो डोक्यावर लावणारा माणूस खोलीत आहे म्हणजे जपून राहायला हवं, असंही मी मनात म्हटलं.

फोटो लावणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणायचो. ते शिक्षक नव्हते, सित्रा बेटावरच्या आमच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तेलाच्या टाक्या, शिड्या, पाइपांचे आधार अशी ड्रॉइंग काढायचे. उंच, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. बोलणं वऱ्हाडाकडचं. मास्तर नाव पडलं ते त्यांच्या मार्क द्यायच्या सवयीमुळे. डाळीला मार्क, बसच्या ड्रायव्हरला मार्क, खालच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, मल्याळी भाईच्या हिशेबी हसण्यालासुद्धा मार्क. आमच्या इंग्रज मॅनेजरनं एकदा कागदावर टाकीचं घाईघाईनं चित्र काढून दिलं, तर मास्तरांनी कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं 'दहापैकी चार' लिहिलं आणि पुसायला विसरले. मॅनेजरनं ते बघितलं. त्यानं चित्र पुन्हा काढून आणलं आणि म्हणाला, आता बघा. मास्तरांनी सहा दिले.

मी त्या खोलीत कसा आलो ते सांगायला हवं. मी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. मामांच्या ओळखीनं टायपिस्ट म्हणून लागलो आणि झिंज भागात त्यांच्याच फ्लॅटमध्ये राहिलो. वर्षभरानं मामी आणि मुलं आली. मामांनी जा म्हटलं नाही, पण मी बाथरूमबाहेर उभा राहिलो की मुलं इंग्रजीत कुजबुजायची, तेवढं मला पुरलं. नईमला एक गादी रिकामी आहे असं कळलं आणि वळकटी घेऊन तिथे गेलो. दार एका वेल्डरनं उघडलं. साताऱ्याकडचा, ते त्याच्या पहिल्याच शब्दात कळलं.

"आडनाव काय म्हनलासा?" त्यानं विचारलं.

आतून आवाज आला, "थांब बे. तो कॉलम नाही आपल्यात."

मग मास्तर बाहेर आले. त्यांच्या हातात ट्रेसिंग पेपरची एक पट्टी होती. तिच्यावर शाईनं आखलेला तक्ता, अक्षरं छापल्यासारखी सारखी. त्यांनी मला बसवलं आणि मुलाखत घेतली. भात मऊ करतो की मोकळा? घोरतो का? बाथरूम धुतल्यावर पाणी काढतो का? इंग्रजी टायपिंग मिनिटाला किती? रागावल्यावर काय करतो? शेवटच्या प्रश्नावर मी खरं सांगितलं की रागावल्यावर मी बोलणं बंद करतो आणि ते महिनाभर चालतं. त्याचे त्यांनी मला चार मार्क कापले आणि खरं बोलल्याचे तीन परत दिले. बेरीज बासष्ट झाली. पास व्हायला साठ लागत होते.

"पास," ते म्हणाले. "यल्ला, चल, वळकटी सोड."

आनंदानं मी माझं नाव सांगायला गेलो, तर त्यांनी चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. "आज नोको सांगू. नाव ऐकलं का मार्क हलतात. आपलेसुद्धा हलतात, बाप्पा."

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी जागा मागितली. पुण्यात मागितली, मुंबईत मागितली. सगळीकडे नाव सांगितल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा एक क्षणभर थांबायचा, आणि मग जागा नुकतीच कोणाला तरी दिलेली असायची. नाव सांगायला गेलो आणि समोरच्यानं कान झाकले असं एकदाच घडलं. म्हणून हे लिहितोय.

खोलीत आम्ही चौघं होतो आणि चौघांना कामावरूनच हाक मारली जायची. वेल्डर, स्टोरकीपर, टायपिस्ट, मास्तर. बोली लपत नाही, सण लपत नाहीत, त्यामुळे कोण कुठला हे आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. स्टोरकीपरनं मला पहिल्या शुक्रवारी नमाज पढताना पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. तो मास्तरांना बाजूला घेऊन काही बोलला. मास्तरांनी तक्ता काढला आणि त्याच्यासमोर पसरला. "दाखव कॉलम," ते म्हणाले. "ह्याच्यात कुठं हाये नमाजाचा कॉलम, तो दाखव." स्टोरकीपरनं खरोखर वाकून वाचलं. मग म्हणाला, "नाही दिसत." तेवढ्यावर ते मिटलं. पुढच्या रमजानात उपास सोडायच्या वेळी खजूर चिरून ठेवायला तोच बसायचा.

हे सगळं खूळ त्या बो-टायवाल्या माणसाचं होतं. सित्राच्या एका प्लांटवर पूर्वी एक म्हातारा कॅनडियन इंजिनियर होता. तो कायमचा घरी निघाला तेव्हा त्यानं सामान वाटलं. कोणाला पंखा मिळाला, कोणाला इस्त्री. मास्तर ड्रॉइंग पोचवायला गेले होते, त्यांच्या वाट्याला एक जाडजूड पुस्तक आलं. त्या पंतप्रधानांचं चरित्र. मास्तर शब्दकोश घेऊन ते पुस्तक दोन वर्षं वाचत होते आणि संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. वेष्टणावरचा फोटो भिंतीवर गेला. पंतप्रधानांचं नाव मास्तर घेत नसत, 'आपले बो-टायवाले' म्हणायचे. नाव न घ्यायचा आमच्या खोलीचा रिवाज असल्यामुळे मीही इथे घेत नाही.

कंपनीची बस पहाटे सित्राकडे निघाली की मास्तरांचं सुरू व्हायचं. सगळे पेंगत असायचे, पण ऐकून ऐकून आम्हाला त्या माणसाचं आयुष्य पाठ झालं होतं. धर्मोपदेशकाचा मुलगा. पहिल्या महायुद्धात जखमींची सेवा करायला गेला. विमान शिकायला लंडनला गेला तर तिथे एका बसनं त्याला उडवलं. "विचार करा," मास्तर म्हणायचे, "लढाईत नाही लागलं. बसनं लागलं." आमच्या ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला की वेल्डर डोळे न उघडता म्हणायचा, "मास्तर, बघा, ह्यातलाच कोन तरी पंतप्रधान व्हनार."

सुएझ कालव्यावरून लढाई पेटली तेव्हा दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहायला जगातल्या देशांची मिळून एक फौज पाठवावी, ही युक्ती त्यांनी मांडली आणि शांततेचं मोठं बक्षीस मिळवलं. तेव्हा ते मंत्री होते, पंतप्रधान नंतर झाले. पंतप्रधान झाले तरी सभागृहात त्यांच्याकडे कधीच बहुमत नव्हतं. मास्तरांना याचं भारी अप्रूप होतं. खोलीत टीव्हीवर क्रिकेट लावायचं की बातम्या, यावर तीन विरुद्ध एक असं व्हायचं तेव्हा ते शांतपणे उठून बातम्या लावायचे आणि सांगायचे की बहुमत नसलं म्हणून काम अडत नाही. आम्ही त्यांना ते करू द्यायचो, पाच मिनिटं.

झेंड्याची गोष्ट त्यांची सगळ्यात लाडकी. त्या देशाला स्वतःचा असा झेंडा नव्हता. नवा करायचा ठरवला तर केवढी भांडणं! जुन्या लोकांना जुनी चिन्हं हवी होती. बो-टायवाले म्हाताऱ्या सैनिकांच्या सभेत जाऊन उभे राहिले, ओरडा खाल्ला, पण हटले नाहीत. शेवटी झेंड्यावर झाडाचं एक पान आलं. "पान घेतलं, पान!" मास्तर बसमध्ये सीटवरून अर्धे उठायचे. "पानाले कायची जात बे?"

पण फोटो भिंतीवर चढला तो या कशामुळे नव्हे. त्यांच्या कारकिर्दीत कॅनडानं बाहेरच्या माणसाला आत घ्यायची रीत बदलली. आधी माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या रंगाचा ते बघायचे. मग मार्कांची पद्धत आली. शिक्षणाला इतके, कामाच्या अनुभवाला इतके, भाषेला इतके, वयाला इतके. बेरीज भरली की दार उघडं, तुम्ही कोणाचे कोण हे विचारायचं नाही. मला पुढे एका शिकलेल्या माणसानं सांगितलं की ही पद्धत खरी बसवली ती खात्याच्या मंत्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी. असेल. मास्तरांना ते सांगायची माझी हिंमत झाली नसती.

त्यांच्या या पद्धतीचा एकदा त्यांनाच जबर मार बसला. स्टोरकीपर सहा महिन्यांच्या सुट्टीवर गेला, गादी रिकामी झाली, आणि मास्तरांच्याच जिल्ह्यातला, त्यांच्याच समाजातला एक फोरमन ट्रंक घेऊन आला. जयभीम घातला आणि घरात आल्यासारखा बसला. मास्तरांनी तक्ता काढला. तो हसायला लागला, पण मास्तर हसत नव्हते. तो खोलीत सिगारेट ओढायचा, स्वयंपाक करणार नव्हता, बाथरूम धुणं हे आपलं काम नाही असं त्यानं स्पष्ट सांगितलं. एक्केचाळीस मार्क झाले.

"म्हणजे तुमी मले नापास करून राहिले?" तो म्हणाला. "मले? आपल्या माणसाले?"

"मी नाही केलं. बेरीज हाये," मास्तर म्हणाले. त्यांनी त्याची ट्रंक स्वतः डोक्यावर घेतली, भर उन्हात तीन गल्ल्या पलीकडे नेली आणि त्याला दुसरी जागा बघून दिली. परत आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

त्या एप्रिलात जयंतीच्या हॉलवर मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मास्तरांनी पांढऱ्या शर्टावर काळा बो-टाय लावला होता. हॉटेलच्या युनिफॉर्मच्या दुकानातून आणलेला. दारातच एका बाईंनी त्यांना वाढपी समजून पाणी मागितलं. त्यांनी नेऊन दिलं. मग त्याच रांगेतल्या इतर आठ-दहा जणांनी मागितलं, त्यांनाही दिलं. फोरमनची गोष्ट तोवर सगळीकडे पसरली होती. खिरीच्या रांगेत एक वयस्कर साहेब त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "आपली माणसं बाहेर ठेवून कोणाला आत घेता तुम्ही?" मी शेजारीच वाटी घेऊन उभा होतो. मास्तर म्हणाले, "साहेब, आपल्याले जे केलं ते आपण नाही करायचं." एवढंच. साहेबांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी पूर्ण पटलं नव्हतं, कारण तो फोरमन मला तसा बरा वाटला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जी सांगायचं मी इतका वेळ टाळतो आहे.

मास्तरांना कॅनडाला जायचं होतं. स्वतःसाठी नव्हे, मुलीसाठी. गावी बायको आणि बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या वर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी आडनावं आणि वस्त्या विचारून तिला आणि आणखी काही मुलांना दोन बाकांवर वेगळं बसवलं होतं. मुलीनं ते पत्रात एका ओळीत लिहिलं होतं आणि पुढे गणितात किती मार्क पडले ते लिहिलं होतं. ते पत्र मास्तरांच्या पाकिटात असायचं. डिप्लोमा होता, अनुभव होता, इंग्रजी होतं. त्यांची बेरीज कधीचीच भरत होती. दरवर्षी ते अर्जाचा फॉर्म मागवायचे, छापल्यासारख्या अक्षरांत भरायचे, आणि तो ड्रॉइंगच्या नळीत तसाच पडून राहायचा. मला वाटायचं, माणूस नुसता बोलतो. एकदा मी चिडून तसं म्हटलंसुद्धा. तेव्हा त्यांनी फॉर्म उघडून एका कॉलमवर बोट ठेवलं. तुमचं आधी दुसरं काही नाव होतं का? असल्यास बदलण्याचं कारण लिहा.

मग त्यांनी शाळेचा दाखला दाखवला. त्यावर त्यांचं जुनं आडनाव होतं. गावानं त्यांच्या घराला जे काम लावून दिलं होतं त्याचंच ते नाव होतं. मी ते इथे लिहीत नाही. डिप्लोमा संपल्यावर, मुलगी व्हायच्या कितीतरी आधी, त्यांनी राजपत्रात जाहीर करून नाव बदललं होतं. पासपोर्टवर नवं, दाखल्यावर जुनं. शिक्षणाचे मार्क हवेत तर दाखला जोडायला हवा, आणि दाखला जोडला की कारण लिहायला हवं.

"साऱ्या जगात हाच एक फॉर्म हाये जो मले जात नाही विचारत," ते म्हणाले. "आणि त्याच्यातच मी आपल्या हातानं लिहून देऊ?"

त्या वर्षी मात्र घाई होती. वयाचे मार्क एका वयानंतर दरवर्षी दोन-दोननं कमी होतात. ऑगस्टात त्यांच्या वाढदिवसाला दोन मार्क जाणार होते, आणि मग बेरीज सत्तरच्या खाली येत होती. सत्तर लागायचेच. जूनमध्ये त्यांनी सगळे कागद माझ्याकडे दिले आणि म्हणाले, "तू टाइप कर. तेवढा कॉलम सोड. तो मी हातानं लिहीन."

मी टायपिस्ट. रजा मागणारी, माफी मागणारी, व्हिसा वाढवून मागणारी पत्रं मी दिवसाला दहा लिहायचो. साहेब लोक कशानं विरघळतात हे मला चांगलं कळतं, असा माझा समज होता. मी कॉलम सोडला. पण वेगळ्या कागदावर एक पानभर पत्र टाइप केलं. या गृहस्थांचा जन्म कुठल्या जातीत झाला, गावच्या विहिरीवर त्यांना कसं पाणी भरू दिलं नाही, आईनं कसे दगड खाल्ले, तरी ते कसे शिकले, तरी कृपया सहानुभूतीनं विचार व्हावा. इंग्रजी छान साधलं होतं. ते मी इतर कागदांच्या मध्ये घालून पाकीट तयार केलं. त्यांना सांगायचं नाही, असंच ठरवलं होतं. चांगलं काम गुपचूप करावं, अशी माझी त्या वयातली समजूत.

ड्रॉइंग बाहेर पाठवण्यापूर्वी प्रत्येक कागद उजेडाला धरून तपासणारा माणूस पाकीट तसंच चिकटवेल हे मला कसं वाटलं, कोण जाणे. शुक्रवारची दुपार होती. वेल्डर भाजी चिरत होता. मास्तरांनी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे कोणाचं हाये?"

"तुमचंच, मास्तर."

"माह्या गावात विहीर नाही बे. नदी हाये." त्यांनी कागद खाली ठेवला. "तू कोण्या माणसाची गोष्ट लिहिली? मले वाचून रडू येऊन राहिलं. पण तो मी नाही."

मी म्हटलं, "मास्तर, याचा फायदा होईल. साहेब लोक असं वाचलं की..."

"ह्याच्यात तू मार्क नाही मागितले," ते म्हणाले. "भीक मागितली. माह्या नावानं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळे कागद नळीत घातले आणि नळी कपाटावर ठेवली. मीही बोलणं बंद केलं. चूक माझी होती, आणि रुसलो मीच. जुलै गेला. मास्तरांनी कोणालाच मार्क दिले नाहीत, डाळीलासुद्धा नाही. वेल्डर मुद्दाम विचारायचा, आज किती? ते नुसती मान हलवायचे. वाढदिवसाची तारीख मीच टाइप केली होती, त्यामुळे ती मला रोज दिसत होती. आदल्या दिवशी बसमध्ये मी रुसवा सोडला आणि म्हटलं, "मास्तर, उद्या..."

"माहीत हाये," ते म्हणाले.

मला वाटत होतं ते हट्टानं बसलेत. तसं नव्हतं. पुढे ऑफिसातल्या त्यांच्या ड्रॉइंग-बोर्डाखालच्या टोपलीत ट्रेसिंगच्या शंभरएक पट्ट्या निघाल्या. प्रत्येकीवर इंग्रजीत एक-दोन शब्द लिहून ब्लेडनं खरवडलेले. ते त्या कॉलमात लिहायची अशी एक ओळ शोधत होते, जिच्यात खोटं नसेल आणि भीकही नसेल. "तुझं वाचलं आणि मग मले साधं लिहिताच येईना," असं ते नंतर म्हणाले. त्यात ठपका नव्हता, पण मला तो कायमचा लागला.

वाढदिवसानंतर चार दिवसांनी ओळ सापडली. त्यांनी ती शाईनं लिहिली आणि मला वाचायला दिली. इंग्रजीत होती, तिचा अर्थ असा: जुनं नाव ऐकलं की पेपर न बघताच माझे मार्क ठरायचे. दोन मार्क गेले होते, तरी त्या दुपारी अर्ज गेला.

उत्तर यायला पुढचा मार्च उजाडला. ऑफिसचं टपाल लावायचं काम माझं, म्हणून पाकीट आधी माझ्या हाती लागलं. ते घेऊन मी ड्रॉइंग रूममध्ये गेलो. मास्तरांनी ब्लेडनं कड कापली, पत्र वाचलं, घडी केली आणि हाताशी असलेलं ड्रॉइंग पूर्ण केलं. मग अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मी त्यांना रजा घेताना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही बसमधून उतरलो तर खोलीत पेढे. मनामातल्या गुजराती दुकानातले, एक किलोचा खोका. वेल्डरनं त्यांना मिठीच मारली. "झालं काय मास्तर कॅनडाचं?"

"नापास," मास्तर म्हणाले. "अडुसष्ट."

वेल्डरच्या हातातला पेढा हातातच राहिला. दोन मार्क. तेच दोन. मी म्हटलं, "मास्तर, हे माझ्यामुळे झालं. मी ते पत्र घातलं नसतं तर जूनमध्ये गेला असता अर्ज. तुमच्या पोरीचं..." बावीस-तेवीस वर्षांचा घोडा, पण मी रडलो, सगळ्यांदेखत.

त्यांनी मला रडू दिलं. मग पत्र उघडून माझ्यापुढे धरलं. "हे वाच. मोठ्यानं वाच."

पत्रात तक्ता होता. शिक्षण, पुढे मार्क. अनुभव, पुढे मार्क. भाषा, व्यवसाय, वय. खाली बेरीज. मी वाचत गेलो आणि ते प्रत्येक ओळीला मान डोलवत होते, आपलंच ड्रॉइंग कोणी मंजूर करतंय तसे.

"शिक्षणाचे किती कापले?"

"कापले नाहीत. पूर्ण दिलेत."

"दाखल्यावर जुनं नाव होतं. तरी?"

"तरी."

"मग कुठं कापले?"

"वयाचे फक्त."

"हं," ते म्हणाले. "गावाकडे तीन नोकऱ्यांच्या मुलाखतीत पडलो मी. तिन्ही वेळेस कारण कोणी सांगितलं नाही. मले माहीत होतं, त्यायले माहीत होतं, पण लिहून कोणी दिलं नाही. ह्यांनी लिहून दिलं. म्हातारा झालो म्हणून नापास. खरंच हाये नं ते?" त्यांनी पेढा माझ्या हातात ठेवला. "तुझी चूक झाली, ते काही मी नाही म्हणत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर कारणानं नापास झालो बे. खा."

मी खाल्ला. गोड लागला असं म्हणणार नाही. मास्तर हसत होते, पण नंतर तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. स्टोरकीपरनं दार वाजवायला हात उचलला, तो वेल्डरनं धरला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. खोलीतल्या छोट्या बोर्डावर तोच अर्ज होता, कोरा, दुसरी प्रत. वर त्यांनी मुलीचं नाव लिहिलं होतं, तेही पेन्सिलीनं.

"मास्तर, ती बारा-तेरा वर्षांची आहे," मी म्हटलं. "ती मोठी होईपर्यंत हा फॉर्म पार बदलून जाईल."

"जाऊ दे. आपला सराव तं होईन."

ते एकेक रकाना भरत गेले. जन्म, शाळा, भाषा. शिक्षणापुढे त्यांनी पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं, आणि व्यवसायापुढे मला विचारून 'इंजिनियर?' असं लिहिलं. मग तो कॉलम आला. तुमचं आधी दुसरं काही नाव होतं का? मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली, शाईचं पेन उचललं, पट्टी सरळ लावली आणि त्या रिकाम्या जागेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. शाई वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घातली.

"हे पाहा, टायपिस्ट," ते म्हणाले, "इथं तुले लिहायचं काहीच नाही."